गळ्याशी आखूड पडलेला टाका

मार्च उजाडला की एखाद्या पत्रकाराचा फोन येतोच. महिला दिन असतो ना, त्यांना 'पहिली' लागते. स्कार्फ बांधून आर्टिस्टिक स्केटिंग करणारी, राज्याच्या टीममधून नॅशनलला गेलेली पहिली मुस्लिम मुलगी. अहो, असेन पहिली. मी काय मोजायला बसले होते? चाकांच्या बुटांवरून हवेत उडी मारायची, दोन गिरक्या घ्यायच्या आणि एका पायावर उतरायचं, हे जमायला मला वर्षानुवर्षं लागली. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पहिला प्रश्न ठरलेला: "घरच्यांचा विरोध होता का?" माझं डोकंच फिरतं. आता मी स्वतः मुलींना शिकवते आणि त्यांच्याही आया हेच विचारतात. म्हणून एकदा काय ते नीट लिहून टाकते.

टीव्हीवर बर्फावरचं फिगर स्केटिंग दिसतं ना, आमचं तेच. फक्त बर्फाच्या जागी सिमेंट आणि बुटाखालच्या पात्याच्या जागी चार चाकं. मीरा रोडला बर्फ आणणार कुठून, मासळीबाजारातून? आम्ही नया नगरमध्ये राहतो. मूळचे कोकणातले, म्हणून घरात आमच्या वळणाची मराठी आणि जिन्यात शेजाऱ्यांशी हिंदी. अब्बा भाईंदरला स्टीलच्या कारखान्यात भांड्यांना पॉलिश करायचे. बागेतल्या कोर्टवर मुली स्केटिंग शिकताना त्यांनीच पाहिलं आणि मला हाताला धरून तिथल्या मॅडमसमोर उभं केलं. "ही घरात एका जागी बसत नाही, हिला तुम्हीच घ्या," असं म्हणाले. लाजच काढली माझी.

कोर्टवर क्रिकेटवाली पोरं आली की आम्हाला हाकलून द्यायची. मग अब्बा मला स्कूटरवर घालून जवळच्या मुर्धा गावाकडे न्यायचे. तिथे नव्या बिल्डिंगींसाठी रस्ता झाला होता, बिल्डिंगी व्हायच्या होत्या. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला सिमेंटच्या गोणी, आणि मधल्या गुळगुळीत रस्त्यावर मी. अब्बा स्कूटरवरून मागे मागे येत कुत्र्यांना हाकलायचे. गावातल्या कोळणी टोपल्या घेऊन जाताना थांबून बघायच्या. एकदा एकीने विचारलं, "पोरीला काय दुखापत न्हाय ना होणार?" अब्बा हसून म्हणाले, "झाली तर आईचा ओरडा मी खाणार हाय."

आणि आईचा, म्हणजे अम्मीचा, ओरडा खायची वेळ बऱ्याचदा यायची. तिला माझ्या पडण्याची भारी धास्ती. पण कपड्यांचं खातं तिच्याकडे होतं आणि त्यात ती कुणाला लुडबुड करू देत नसे. कॉस्च्युम पूर्ण बाह्यांचा, खाली घट्ट पायजमा, डोक्याला त्याच रंगाचा स्कार्फ. प्रश्न स्कार्फचा होता. पिना चालत नाहीत. पिन फरशीवर पडून चाकात गेली की स्केटर तोंडावर आपटते, आणि अंगावरचं काहीही खाली पडलं तरी मार्क कापतात. म्हणून दर स्पर्धेच्या आधी अम्मी ग्राउंडवर येऊन स्कार्फ कॉस्च्युमच्या कॉलरला गोल शिवून टाकायची. माझ्या अंगावरच. नंतर घरी आल्यावर कापायची. शिवताना गळ्यापाशी आली की म्हणायची, "वर बघ." मी मान वर करायची आणि ती हनुवटीखालचे टाके घालायची. हे इतकं सवयीचं होतं की ते 'वर बघ' कशासाठी असतं याचा मी कधी विचारच केला नव्हता.

मी बारावीत असताना अब्बा गेले. सकाळी डबा घेऊन कामावर गेले आणि दुपारी कारखान्यातल्या लोकांनी त्यांना घरी आणलं. हार्ट, असं म्हणाले. बस, इतकंच. अजूनही मला ते खरं वाटत नाही.

अम्मी इद्दतीत बसली. नवरा गेला की आमच्यात बाई चार महिन्यांहून जास्त दिवस घराबाहेर पडत नाही, दागिना घालत नाही, परक्या पुरुषासमोर, अगदी दिरासमोरही, येत नाही. राज्याची स्पर्धा नेमकी त्या दिवसांत आली. त्यातून नॅशनलसाठी दोघीच निवडल्या जाणार होत्या.

बडे अब्बा, म्हणजे अब्बांचे थोरले भाऊ, भाईंदरलाच खारी गावात राहायचे. आता आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा होता. माणूस वाईट नव्हता. भावाच्या जनाज्याला पहिला खांदा त्यांचाच होता आणि महिनाभर आमच्या घरी भाजी-दूध तेच आणून टाकत होते. हॉलमध्ये बसून त्यांनी सांगितलं, "झालं तेवढं बस झालं. बाप होता, त्याने लाड केले. आता हे बंद." अम्मी स्वयंपाकघराच्या पडद्याआडून बोलली. म्हणाली, एवढी एक स्पर्धा खेळू द्या. नॅशनलसाठी निवडली गेली तर पुढे जाईल, नाही गेली तर मीच तिचे बूट माळ्यावर टाकीन. बडे अब्बांनी विचारलं, "आणि लोकांसमोर ओढणी सरकली तर?" अम्मी म्हणाली, "तसूभर नाय सरकणार. जबाबदारी माझी."

स्पर्धा विरारला होती. अम्मीला येता येणार नव्हतं, म्हणून ती म्हणाली, स्कार्फ घरीच शिवून देते, तशीच जा. सकाळी मी तिच्यासमोर चटईवर बसले. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. आयुष्यभर शिवताना त्यांचा आवाज माझ्या कानाशी यायचा, आणि आता ती मोकळी मनगटं. माझ्याने ते बघवेना. मी मान खाली घालून बसले ती बसलेच. अम्मी 'वर बघ' म्हणाली नाही. गळ्याशी सुई आली, गेली, दोरा तोडला. मी वरून बुरखा घातला आणि मॅडमच्या गाडीत जाऊन बसले.

वॉर्म-अपला कळलं. माझ्या प्रोग्रामच्या शेवटी एक स्पिन होता: कमरेतून मागे वाकायचं, डोकं पार मागे टाकायचं आणि एका पायावर फिरत राहायचं. सगळ्यात जास्त मार्क त्यालाच. मी डोकं मागे नेलं आणि गळ्याला फासच बसला. मान खाली असताना शिवलेला कपडा, तो वर कसा जाणार? पुन्हा केलं, पुन्हा तेच. मॅडम धावत आल्या, हनुवटीखाली बोट घालून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे फारच आखूड झालंय." सुई-दोरा अम्मीच्या डब्यात आणि डबा घरी. आधीच्या मुलीचं संगीत सुरू झालं होतं. मॅडमकडे बुटांच्या टेपसाठी ठेवलेली कात्री होती. ती हातात धरून त्या म्हणाल्या, "कापू? का स्पिन सोडून देतेस? तू सांग."

अम्मीने दिलेला शब्द तसूभरचा होता. टाके कापले तर गळा उघडा पडणार आणि वरचा स्कार्फ कुठवर टिकेल कुणास ठाऊक. नाही कापले तर स्पिन गेला, नॅशनल गेलं, आणि बूट माळ्यावर. मला अम्मीचा इतका राग आला म्हणून सांगू! एकदा 'वर बघ' म्हणाली असतीस तर काय झालं असतं? आणि लगेच तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली की तिथेच बसून भोकाड पसरावंसं वाटलं. अब्बा असते तर काय म्हणाले असते, असं मला लोक नंतर विचारतात. खरं सांगते, अब्बांचा विचारही मनात आला नाही. मला खेळायचं होतं. मी मॅडमना म्हटलं, "कापा."

उड्या नीट झाल्या. शेवटच्या स्पिनला मी डोकं मागे टाकलं आणि उरलेल्या टाक्यांतला एकेक तुटताना मला ऐकू आला. कट्, कट्. थांबले नाही. स्कार्फ मागे सरकला, पण डोक्यावर राहिला. मी दुसरी आले. निवड झाली. मॅडम मला मिठी मारून नाचत होत्या आणि मी दोन्ही हातांनी गळा झाकून उभी होते.

दोन दिवसांनी इथल्या पेपरात फोटो आला. नेमका तोच: मान मागे, गळा उघडा, कपाळावर केस. बडे अब्बा पेपर घेऊनच आले. हॉलमध्ये बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही. मला म्हणाले, "हे काय आहे?" मी कापायला सांगितलं, हे सांगायला तोंड उघडत होते, तेवढ्यात पडद्याआडून अम्मी बोलली. "भाईजान, टाका माझा आखूड पडला. माझ्याने तिच्याकडे बघवत नव्हतं, मी तशीच शिवत गेले. चूक माझी हाय. पोरीने काय करायचं होतं, गळा दाबून घेऊन फिरायचं होतं?"

बडे अब्बा शांतपणे म्हणाले, "ठरल्याप्रमाणे तुम्ही वागला नाहीत. ही नॅशनलला गेली तर या घराशी माझा संबंध नाही." पेपर टेबलावर ठेवला आणि चपला घातल्या.

ते गेल्यावर अम्मी बाहेर आली. खुर्चीवर बसली आणि हमसून हमसून रडली. अब्बा गेले तेव्हाही ती माझ्यासमोर अशी रडली नव्हती. म्हणाली, "तुझ्या अब्बांचा एकुलता एक भाऊ, आणि मी त्याला दारातून जाऊ दिला." मी तिच्या पायाशी बसले आणि म्हटलं, "अम्मी, मी नाही जात. खरंच नाही जात. जाऊन त्यांना परत बोलावून आणते."

तिने पदराने तोंड पुसलं आणि माझ्यावर अशी उखडली की मी मागे सरकले. "गप बस! आता नाय गेलीस, तर मी हे तोडलं कशापायी?"

मी गेले. नॅशनलला सातवी आले. बडे अब्बा पुन्हा आमच्या घरी आले नाहीत.