दक्षिणेकडची जागल

पुण्याहून निघताना माझ्या बॅगेत दोन रिकाम्या पिशव्या होत्या. अक्का आणि भाऊजी या दोघांचं सामान त्यात भरून त्यांना घेऊन यायचं, असा बेत होता. "मामा, गोड बोलून नाही जमलं तर रागावून आण, पण आण," असं माझ्या भाच्यानं, संदीपनं, बजावलं होतं. रागावायचं काम माझ्याकडेच का आलं, ते आमच्या घरात कोणालाही विचारा.

भाऊजींना दमा आहे. थंडीत संध्याकाळ झाली की छाती भरून येते आणि वाफेच्या मशीनवर औषध ओढावं लागतं. मशीनला वीज हवी आणि हे दोघं राहतात वाशिम जिल्ह्यातल्या एका वावरात (शेतात), जिथे विजेचे खांब अजून पोचलेले नाहीत. संदीपनं पावसाळा संपताच तिथे सोलर बसवून दिलं. तरी दिवाळीपासून रोज फोन: मशीन मध्येच बंद पडतं. आता आईवडिलांना पुण्याला आणण्यावाचून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. मलाही नव्हतं.

बसमध्ये डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे शेलूबाजारच्या चौकात उतरलो तेव्हा धुकं होतं आणि चहाच्या टपरीवर कानटोप्या घातलेली माणसं हात शेकत होती. गरम चहा घाईनं पिऊन जीभ भाजली. समोर एक जीप सुरू होऊन घुरघुरत होती, तिच्यात जाऊन बसलो. बरंच अंतर गेल्यावर ड्रायव्हरनं विचारलं, "काका, इंझोरीले कोणाकडं जाचं हाये?"

"इंझोरीला? मला तिकडे जायचंच नाही!"

"मंग बसले कायले? विचाराचं तं होतं!"

"तुम्ही निघत होतात ना, म्हणून बसलो."

सगळी जीप हसली. मीही हसलो, पण आतून स्वतःवरच चरफडत होतो. परत चौकात येऊन दुसरी जीप मिळेपर्यंत ऊन चढलं.

रस्ता सोडल्यावर पांदीनं (शेतांमधल्या वाटेनं) चालत गेलो. दोन्ही बाजूंना तुरी डोक्याच्या वर गेलेल्या, शेंगांनी वाकलेल्या. पलीकडे हरभरा आणि त्याच्या कडेनं नाला. नाल्याकडे तोंड करून भाऊजींची मचाण उभी होती. छाती बिघडायच्या आधी ते त्यावर बसून जागल (पिकाची रात्रीची राखण) करायचे. घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. पत्र्यावर काळा रंग दिलेला पाण्याचा ड्रम, अंगणात लोखंडी खांबावर सोलरची प्लेट. प्लेटच्या चौकटीला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली पाहून मला हसू आलं.

"आला का रे बापू? किती वाळला!" अक्का म्हणाली. ती मला दरवेळी वाळलेलाच बघते.

आंघोळीला त्या ड्रमचं पाणी मिळालं. कालच्या उन्हात तापवून रात्री गोधड्यांत गुंडाळून ठेवलेलं, अजूनही चांगलं गरम होतं. भाऊजींना धूर चालत नाही म्हणून शेकोटी नाही, घरात चूल नाही. वरणाचा डबा सूर्यचुलीत (उन्हावर शिजवायच्या काचेच्या पेटीत) ठेवलेला. फक्त भाकरीपुरती चूल, तीही गोठ्याच्या पलीकडे. वरण होईस्तोवर मी काचेत इतक्यांदा डोकावलो की अक्का वैतागली.

"असं पाहून पाहून शिजते का ते? तुले कायची घाई हाये?"

सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) भाजी, भाकर आणि ते वरण जेवताना मी विषय काढला. भाऊजी ताटाकडे बघत राहिले. मागच्या हिवाळ्यात ते पुण्याला राहून आले होते. तिथे दिवसभर खिडकीशी बसत आणि कोणाशी बोलत नसत. अक्का म्हणाली, "इथं हवा चांगली हाये ह्यायले. तेवढं मशीन चाललं तं आमाले कोणाचंच काही नाही मांगाचं."

दिवेलागणीला मशीन लावलं. घरघर सुरू झाली, भाऊजींनी मास्क धरला आणि थोड्याच वेळात घरघर बारीक होत थांबली. बल्बही विझला. त्या अंधारात भाऊजींचा श्वास ऐकू येत होता, फाटक्या भात्यासारखा. अक्का त्यांची पाठ चोळत होती. मी बटणं वरखाली करत होतो, वायरी हलवत होतो. मला भीती वाटली. खरोखरची. उशिरानं त्यांचा श्वास शांत झाला तेव्हा मी म्हणालो, "बस झालं. उद्या निघायचं."

सकाळी ती उठून आधी अंगणात गेली, सूर्याला पाणी घातलं, मग प्लेटला हळदकुंकू लावलं. मी पिशव्या काढल्या, पण भरायला ती हातच लावेना. मी अंगणात नुसता येरझारा घालत राहिलो. पूर्वेला मोठी चिंच आहे. ऊन सगळीकडे पसरलं तरी प्लेटवर त्या चिंचेचीच सावली. दुपारी पत्र्याला हात लावला तर चटका बसला. सहज प्लेटवर हात ठेवला, तर ती जेमतेम कोमट. ऊन तिच्या पाठीमागे गेलेलं.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर प्लेटा आहेत. सगळ्यांची तोंडं दक्षिणेला. इथली प्लेट मात्र पूर्वेकडे बघत होती. खांबाच्या बोल्टवर पान्याचे ताजे ओरखडे होते.

"अक्का! हे कोणी फिरवलं?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्या."

"काहून?" पुण्याची भाषा कुठल्या कुठे गेली.

"बसवणाऱ्यानं दक्षिणेले तोंड करून ठेवली होती. यमाची दिशा हाये ते. ह्यायची तब्येत अशी, अन् मी आपल्या अंगणात तिकडं तोंड करून काही उभं ठेवू? सूर्याची वस्तू, म्हणून उगवतीकडं केली."

मी ओरडलो. काडी घेऊन मातीत सूर्याचा रस्ता काढून दाखवला, थंडीत तो कसा दक्षिणेकडून जातो ते सांगितलं, अडाणीपणा वगैरे नको ते शब्दही बोललो. "तुही शाळा मले नोको शिकवू," म्हणून ती रडायला लागली. तेव्हा कुठे माझं तोंड बंद झालं. जिच्यापायी नवऱ्याचा श्वास अडत होता, ती गोष्ट तिनं त्याच्याच जिवासाठी केली होती. याच्यावर रागावणार कसं?

भाऊजी खाटेवरून सगळं ऐकत होते. ते थांबत थांबत बोलले. "मी जागलीले बसत होतो, तवा कुकडं तोंड करून बसत होतो?"

अक्कानं डोळे पुसले. "नाल्याकडं."

"काहून?"

"डुकरं तिकडूनच येतात."

"मंग? नाल्याकडं पाठ करून बसलो असतो तं हरभरा राह्यला असता का?" दम घेऊन ते म्हणाले, "ज्याचं भेव हाये, त्याच्यावरच नजर ठेवा लागते. फिरव ते प्लेट. पाहू दे तिले यमाकडं. आता मी मचाणीवर नाही चढू शकत, तं ते करीन जागल."

शेजारच्या वावरातून पाना आणला. मी बोल्ट सैल केले, खांब धरला. फिरवली मात्र अक्कानंच. शेवटच्या वितीला ती थांबली आणि मागे वळून भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मग तिनं डोळे मिटून प्लेट दक्षिणेला केली.

"उद्याचा दिवस पाहू," ती म्हणाली. "बंद पडलं तं मी सोताहून पिशव्या भरतो."

दुसरा दिवस मला खायला उठला. दर थोड्या वेळानं ढग आला का बघ, प्लेटला हात लाव, बॅटरीजवळ जाऊन उभा राहा. अक्कानं मला तुरी तोडायला पिटाळलं, तरी मान वळून वळून घराकडेच. दिवेलागणीला मशीन लागलं. घरघर सुरू झाली. नेहमी बंद पडायची वेळ आली, गेली. औषध संपलं, भाऊजींनी मास्क काढला, आणि बल्ब तसाच जळत होता. अक्का देवापाशी गेली नाही. ती तडक अंगणात गेली आणि अंधारात प्लेटच्या खांबाला हात लावून उभी राहिली.

परतताना दोन्ही पिशव्या भरलेल्या होत्या, तुरीच्या शेंगांनी. संदीपनं त्या पाहिल्या आणि माझ्यावर चिडला. मी त्याला मातीत काडीनं काढलं होतं तसंच कागदावर सगळं समजावलं, पण त्याला पटलं ते अक्काच्या फोननं.

मला अजून चैन पडत नाही. ढगाळ दिवस असला तर तिथलं आकाश कसं असेल, हाच विचार. म्हणून रोज दिवेलागणीला मी फोन लावतो. अक्का "हं, लावलं," एवढंच म्हणते आणि फोन मशीनशेजारी ठेवून देते. मी दक्षिणेकडच्या खिडकीशी बसून ती घरघर ऐकतो. ती संपते, मग भाऊजींचा एक मोठा, मोकळा श्वास येतो, आणि मी फोन ठेवतो.