तात्यांची अंगठी वाजते तेव्हा

लिंबू-मिरची मला फक्त भाजीच्या पिशवीत बरी वाटते. गाडीच्या बंपरखाली लटकलेली दिसली की भाव आठवतात, इतकंच. सांगायचा मुद्दा, संकेत, साक्षात्कार वगैरे प्रकरणांत मी घरातली नास्तिक. या ग्रुपवरचे अनुभवसुद्धा मी वाचते ते चुका काढायला. आता माझाच लिहिते आहे, तेव्हा तुम्ही खुशाल काढा. एखादी सापडली तर मला सुटल्यासारखं होईल...

आम्ही कोपरखैरण्याला राहतो, दुसऱ्या मजल्यावर. हॉलमध्ये खिडकीला लागून जेवणाचं टेबल आहे. त्याच्या एका बाजूला माझा लॅपटॉप, समोर व्हीलचेअरमध्ये माझे सासरे. सगळे त्यांना तात्या म्हणतात.

तात्या मूळचे साताऱ्याकडचे. एपीएमसी मार्केटला त्यांचा कांदा-बटाट्याचा गाळा होता, पण खरी आवड सत्काराची. कुठल्याही मंडळाचं स्टेज दिसलं की तात्या त्यावर. शाल, श्रीफळ आणि भाषणात एखादं आश्वासन — वाचनालय बांधून देतो, शाळेला बाकं देतो. शाली आमच्या कपाटात आहेत. बाकं कुठे आहेत कुणालाच माहीत नाही.

गेल्या वर्षी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उजवा हात सुजला म्हणून पुष्कराजाची अंगठी डाव्या हातात घातली. डॉक्टरांनी स्कॅन दाखवून सांगितलं, "ऐकू येतं त्यांना, पण अर्थ लागत नाही. आपलं बोलणं त्यांच्यासाठी नुसता आवाज आहे."

त्याच सुमाराला माझ्या ऑफिसने आमचा विभाग बंद केला आणि मी पंचेचाळिशीच्या दारात वाशीला प्रोग्रामिंगच्या क्लासला नाव घातलं. सर माझ्या लग्नानंतर जन्मलेले. मात्र शिकवायचे सरळ. "थिअरी राहू दे, हात घाला. स्वतः टाइप करा, रन करा. फार तर एरर येईल, मरत कोणी नाही." आणि अडलं तर उपाय — एकेक ओळ मोठ्याने कुणाला तरी समजावून सांगायची. समोरच्याला कळलं नाही तरी चालतं, सांगता सांगता आपली चूक आपल्यालाच दिसते.

कळलं नाही तरी चालेल असा श्रोता माझ्या समोरच बसलेला होता.

एक गोष्ट आधीच सांगते. माझा दीर उमेश ठाण्याला असतो. त्याने पनवेलच्या पुढचं एक केअर सेंटर बघून ठेवलं होतं. "तात्यांना आता घर काय नि सेंटर काय, सारखंच," असं त्याचं म्हणणं. मी वरवर गप्प होते, पण मलाही ते हवं होतं. नोकरी लागली तर दिवसभर त्यांच्याजवळ कोण बसणार? 'अर्थ लागत नाही' हे डॉक्टरांचं वाक्य माझ्या फार सोयीचं होतं.

पहिला प्रोग्राम पाढ्याचा. एकोणतीसचा पाढा छापायचा होता आणि तो नऊवरच थांबत होता. मी तात्यांना सांगायला लागले, "हे बघा तात्या, इथे एकोणतीस घेतले. इथे सांगितलं, एकपासून दहापर्यंत जा..."

टक.

तात्यांची अंगठी टेबलावर वाजली. मी ओळ पुन्हा बघितली. पायथॉनला, म्हणजे आम्ही शिकतो त्या कॉम्प्युटरच्या भाषेला, दहापर्यंत जा म्हटलं की ते दहाच्या अलीकडेच थांबतं, अकरा लिहावे लागतात. चूक तिथेच होती.

हात हलला असेल म्हणून मी सोडून दिलं. पुढचा प्रोग्राम पास-नापासचा. "पस्तीसपेक्षा जास्त असतील तर पास..." टक. बरोबर पस्तीस मिळवणाऱ्या पोराला मी नापास करत होते.

असं होत राहिलं. बरोबर ओळींवर बोट गप्प, चुकलेल्या ओळीवर टक.

नवऱ्याला सांगितलं तर सतीश हसत सुटला. "अगं, नंदीबैल! मालकाने दोरी जरा हलवली की तो मान हलवतो. तुझा आवाज अडखळत असणार. ते आवाजाला वाजवतात."

मला हे एकदम पटलं. खरं तर हायसं वाटलं. म्हणून मीच परीक्षा घ्यायची ठरवली. क्लासमध्ये दिवाळे गावची प्रज्ञा आहे, कोळ्यांची पोरगी, माझ्यापेक्षा दुप्पट हुशार. तिला म्हटलं, एक प्रोग्राम पाठव, त्यात चूक लपव, पण कुठे ते सांगू नकोस. तिने घरच्यांची वयं घालून सर्वांत मोठं कोण ते शोधणारा प्रोग्राम पाठवला. मी तो बातम्या द्याव्यात तसा सपाट आवाजात वाचला, अर्थ न लावता.

तात्यांनी दोनदा वाजवलं. एकदा शेवटून दुसऱ्या, तुलनेच्या ओळीवर. त्याआधी, प्रज्ञाच्या आईचं वय लिहिलेल्या ओळीवर.

मी फोन केला. "शेवटून दुसरी ओळ?"

"कसा कलला गो ताई तुला? मना वाटला दिसभर बसशील."

"आणि तुझ्या आईच्या ओळीत काय चुकलंय?"

"थय काय नाय. थय कोड बरोबर हाय."

"बरं. मग तात्यांचं एक चुकलं," मी म्हटलं. जरा आनंदानेच म्हटलं असेन.

पलीकडून प्रज्ञा म्हणाली, "पन ताई... आयचा वय खोटाच हाय. शालेन घालताना मास्तरानी अंदाजान लिवला. खरा कोनला म्हाईत? ह्या तुझ्या सासऱ्याला कोनी सांगला?"

कोणी सांगणार? मलाच माहीत नव्हतं, तर माझा आवाज कसा अडखळणार? नंदीबैलाची दोरी माझ्या हातात नव्हतीच.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी उमेश सेंटरचं माहितीपत्रक घेऊन आला. गुळगुळीत कागद, मावळता सूर्य, आणि त्याच्याकडे बघून हसणारे आजोबा. अशा आजोबांचे दात नेहमी पूर्ण असतात. महिनाअखेरीला नेऊ म्हणाला. मी म्हटलं, "भाऊजी, त्यांना कळतंय असं मला वाटतं." हे बोलताना माझं मन मला विचारत होतं, तुझ्या नोकरीचं काय.

"वहिनी, तुमीपण? दादा बोललाय मला. दाखवा तर बघू तुमचा नंदीबैल."

मी मुद्दाम दोन चुका घालून पाढ्याचा प्रोग्राम वाचला. तात्या खिडकीबाहेर बघत राहिले. पुन्हा वाचला. काही नाही. सतीशने माझ्याकडे बघायचं टाळलं. लाज वाटली आणि — खोटं कशाला बोलू — बरंही वाटलं.

उमेश खुशीत आला. खुर्ची ओढून तात्यांसमोर बसला आणि बहिऱ्याशी बोलावं तसा मोठ्याने बोलायला लागला. "तात्या, लय झकास जागा हाय बघा. मोठी बाग हाय."

तात्या गप्प.

"डॉक्टर हाय, नर्स हाय."

गप्प.

"आन आमी दर रविवारी येनार."

टक.

उमेश हसला, पण अर्धाच. "बरं, दर रविवारी नाय... म्हैन्यातनं एकदा तरी नक्की."

टक.

"हात थरथरतो त्यांचा," उमेश म्हणाला. तात्यांचा हात टेबलावर दगडासारखा स्थिर होता. चहा न घेताच तो निघाला. माहितीपत्रक राहिलं, ते न्यायलाही परत आला नाही. सेंटरचा विषय त्यानंतर त्याने काढलेला नाही.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, अनैच्छिक हालचाल, असं होतं. चुकीच्याच ओळीवर कसं होतं, असं विचारलं तर त्यांनी घड्याळ बघितलं. प्रज्ञाच्या आईच्या वयाचा प्रश्न मी मग विचारलाच नाही.

घर आता विचित्र झालंय. 'ट्रॅफिकमध्ये अडकलोय' असे फोन सतीश गॅलरीत जाऊन करतो. शेजारच्या काकू 'तात्या, आज तब्येत छान दिसतेय हं' म्हणाल्या आणि टक झालं... त्या हल्ली दारातूनच बोलतात. ज्या माणसाने आयुष्यभर स्टेजवरून शब्द वाटले, तो आता दुसऱ्याचा एकही शब्द सोडत नाही. हे काय आहे, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा, पण कृपा करून पूर्वजन्म सांगू नका.

गेल्या आठवड्यात मला ऐरोलीच्या एका कंपनीतून होकार आला. रोज जायचं, पूर्ण दिवस. सतीश म्हणाला, "दिवसाची बाई ठेवू, बघू कसं जमतंय." तो हे गॅलरीत म्हणाला.

काल दुपारी मी लॅपटॉप बंद करून तात्यांसमोर बसले. एक वाक्य तयार होतं — तात्या, काळजी करू नका, आम्ही तुम्हाला कुठेही पाठवणार नाही. साधं वाक्य. ते माझ्याकडे बघत होते, हात टेबलावर, अंगठी वर. सर म्हणतात, रन करून बघा, फार तर एरर येईल.

मी त्यांची मान नीट केली, पाणी पाजलं आणि उठले.