कोपरा फाटलेलं जहाजाचं कार्ड

पोळ्याच्या आदल्या दिवशी पोष्टमन आमच्या फुलसावंगीच्या घरी आला आणि अंगणातच थबकला... एरवी हाक मारत थेट ओट्यावर येणारा माणूस. त्याच्या हातातल्या कार्डाचा कोपरा फाटलेला होता.

साठ-एकसष्ट साल असेल. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कोणीतरी गेल्याची बातमी, हे तेव्हा लहान पोरालाही कळायचं. असं कार्ड घरात आणत नसत, बाहेरच वाचून फाडून टाकत.

त्यात कार्ड जहाजावरचं! माझे धाकटे दीर वसंतभाऊजी मुंबईहून सुटणाऱ्या एका प्रवासी जहाजावर भटारखान्यात कामाला होते. सासूबाईंनी कार्ड पाहिलं आणि मटकन खालीच बसल्या.

मी धीर करून कार्ड हातात घेतलं. मागची बाजू कोरी... एक अक्षर नाही. आता ही काय भानगड, ते सांगते.

आमच्या ह्यांना जहाजाच्या शिक्क्यांचा भारी नाद. शाळामास्तर, समुद्र कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही. पण जहाजावरच्या पेटीत टाकलेल्या पत्रावर पुढच्या बंदरात 'पाकेबो' असा शिक्का मारतात, हे मात्र तोंडपाठ! त्यासाठी ह्यांनी स्वतःच्या अक्षरात आमचा पत्ता घालून, तिकिटं चिकटवून कार्डांची चळतच भावाजवळ दिली होती.

वर ताकीद, की काही लिहायचं नाही, शिक्का स्वच्छ उमटला पाहिजे. भाऊजींना मुळातच पत्र लिहायचा कंटाळा, त्यांची तर सोयच झाली.

हे शाळेतून धावत आले. कार्ड उलटसुलट पाहून म्हणाले, "अरे, तिकीट पळवलं ना कोणीतरी! शिक्का अर्धा फाडला!" खरंच होतं ते, फाटलेला कोपरा तिकिटाचाच होता. पण माय तिकडे जमिनीवर बसलेली आणि ह्यांना शिक्क्याचं दुःख... माझं डोकंच फिरलं. "आधी मायकडे बघा," मी पोष्टमनसमोरच म्हटलं.

ह्यांनी खूप समजावलं, पण सासूबाईंना पटेना. पोळ्याचं गोडधोड बैलांपुरतं झालं. त्या दिवसापासून त्या एकदाच जेवू लागल्या, तेही मी मागे लागले तर.

काही आठवड्यांनी दुसरं कार्ड आलं. चारही कोपरे शाबूत, शिक्का असा सुरेख की ह्यांचा चेहरा उजळला. "पाह्य माय, नवीन तारीख हाये. वसंता खुशाल हाये."

सासूबाईंना वाचता येत नव्हतं, पण लेकाच्या अक्षराचं वळण त्या ओळखायच्या. त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, पत्त्यावरून बोट फिरवलं.

"हे तं तुहंच अक्षर हाये बापू... मह्या वसंताचं काय हाये याच्यात?"

खरंच की! पत्ता ह्यांनी घातलेला, तिकीट ह्यांनी लावलेलं, पेटीत काय कोणीही टाकलं असेल. इतकी कार्डं आली आणि एकातही भाऊजी नव्हते.

ह्यांनी त्याच दिवशी जहाज कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसच्या पत्त्यावर भाऊजींना पत्र लिहिलं. खाली मीही खरडलं, "भाऊजी, पुन्हा कोरं कार्ड पाठवाल तर याद राखा!"

उत्तर आलं दिवाळी झाल्यावर, ह्यांनी दिलेल्या कार्डांतल्याच एकावर. अक्षर मोठं नि वाकडंतिकडं. मागची बाजू पुरली नाही म्हणून भाऊजींनी पुढेही लिहिलं होतं, पार तिकिटापर्यंत. शिक्का त्या लिखाणावर बसलेला... त्यातलं काही म्हणता काही वाचता येत नव्हतं.

मी ह्यांच्याकडे बघत होते. पण ह्यांनी शिक्क्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ओट्यावर बसून मोठ्यानं वाचू लागले, "माय, मी चांगला आहो. इकडे भात लय भेटते, भाकर नाही भेटत..." संपलं की सासूबाई म्हणायच्या, "अजून वाच." पुढे काहीच नव्हतं, मग हे पुन्हा पहिल्यापासून वाचायचे.

तिसऱ्यांदा वाचून झालं तेव्हा म्हणाल्या, "सूनबाई, वाढ मले." भाकरी थापताना मला रडू आवरेना, इतकं बरं वाटलं.

हे आता नाहीत. भाऊजी नागपूरला असतात, मेसेजला नुसता अंगठा पाठवतात. मग मी फोन करून रागावते... थोड्या वेळानं येतं, "वहिनी, जेवलो." तेवढं पुरतं मला.