देवळात दिलेला अडीच वर्षांचा शब्द

माझा स्वभाव जुनाट आहे, हे आधीच सांगून टाकतो. पौडहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात मी गेली कित्येक वर्षं सदर लिहितो. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालो, पण दुसऱ्यांच्या चुका काढायची खोड काही गेली नाही. सरकारनं गावात लुडबूड करू नये, निवडणुका लांबवून प्रशासक बसवू नयेत, जमिनी विकून आपल्याच शिवारात वॉचमन होऊ नये, आणि घरातलं भांडण घरातच मिटवावं, हेच मी आलटून पालटून लिहीत आलो. माझ्या लेखाच्या चहूबाजूंनी पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती असतात. उरलेल्या जागेत बातम्या.

ज्याच्याबद्दल सांगायचंय तो माझा पहिलीपासूनचा मित्र. आमचं गाव मालेच्या पुढं, धरणाच्या अंगाला. तो बौद्ध वस्तीवरचा. लाइनमनची नोकरी केली त्यानं. मुळशीच्या पावसात तारा तुटल्या की सगळं गाव त्याचीच वाट बघत बसायचं. झेंडावंदनाच्या दिवशी पहाटे ग्रामपंचायतीसमोरच्या खांबावर चढून दोरी ओवायचं कामही त्याचंच. निवृत्त झाल्यावरसुद्धा तो चढायचा, आणि मी खालून ओरडायचो, "पडशील रे म्हाताऱ्या!"

गेल्या निवडणुकीला सरपंचपद खुलं होतं. एक माझ्या भावकीतला उभा राहणार होता आणि दुसरा हा. मी म्हणालो होतो, "तुला कशाला हवी ही कटकट?" तो हसून म्हणाला, "दोरी लई वरसं बांधली. येकदा वढायची हाय."

गावानं ठरवलं, निवडणूक बिनविरोध करायची. देवळात बैठक बसली. पहिली अडीच वर्षं भावकीतल्यानं सरपंच व्हायचं, मग राजीनामा द्यायचा आणि उरलेल्या काळासाठी माझ्या मित्राला बिनविरोध निवडून द्यायचं. भावकीतल्यानं देवासमोर बेल-भंडारा उचलला. मित्र सभामंडपाच्या पायरीशी बसला होता. तो म्हणाला, "तुमचा भंडारा आमी मानत न्हाई, पन गावाचा शबूद मानतो. तरी येक कागुद करूया का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. लिहिणारा मीच होतो, खिशाला पेनही होतं. मी म्हणालो, "देवळात दिलेल्या शब्दाला कागद कशाला?" लोकांनी माना डोलावल्या. त्यानंही डोलावली.

त्या आठवड्याचा माझा लेख फार गाजला. मतपेटीपेक्षा गावाचा शब्द मोठा, असं मी त्यात ठासून लिहिलं होतं. एका वाहिनीचा माणूस कॅमेरा घेऊन आला, देवळाचं दोन मिनिटांचं चित्रण करून गेला. मीही त्यात दिसलो होतो.

अडीच वर्षं सरली. राजीनाम्याचं नाव निघेना. मी विचारलं तर भावकीतला म्हणाला, "वरून निरोप आलाय, आत्ता सोडायचं न्हाई. आनि मास्तर, मुंबईत कोन पाळतंय शबूद? मोडनाऱ्यास्नी तर मंत्री करत्यात." वर शब्द मोडणाऱ्यांचे सत्कार टीव्हीवर दिवसभर चालतात, खाली गावात सगळे ते बघत असतात, हे मीच पूर्वी लिहिलं होतं. पण पंधरा ऑगस्टच्या आत राजीनामा देतो, यंदाचा झेंडा त्यालाच फडकवू दे, असंही तो म्हणाला, आणि मी तो निरोप मित्राला पोचवला. ही माझी दुसरी चूक.

मित्रानं पांढरा सदरा शिवून घेतला. पंधरा ऑगस्टला पहाटे नेहमीसारखी दोरी ओवली, घरी जाऊन अंघोळ केली आणि कडक इस्त्रीचा सदरा घालून आला. तेवढ्यात गाडीतून भावकीतला उतरला. कुणाकडे न बघता सरळ खांबापाशी गेला आणि त्यानं दोरी ओढली. मी त्याच्या शेजारी होतो. राष्ट्रगीत सुरू झालं, मी ताठ उभा राहिलो. संपल्यावर मागं वळून पाहिलं तर मित्र तिथं नव्हता.

दुपारी तो माझ्या घरी आला. सदरा अंगावर तोच. म्हणाला, "तू साक्षीदार हायेस. जे झालं तेवढंच लिही."

मी त्याला समजावलं. म्हणालो, गावाची अब्रू चव्हाट्यावर जाईल. पेपरवाले, टीव्हीवाले याला जातीचं भांडण करून टाकतील, सगळे पक्ष येऊन आपली पोळी भाजून घेतील. आपण आपल्यात मिटवू. मला ते तेव्हा खरंच तसं वाटत होतं. तो ऐकून घेऊन उठला. पाणीसुद्धा प्यायला नाही.

मिटलं काहीच नाही. मी बैठक बोलावली, तर कुणाला लग्न होतं, कुणाला दवाखाना. दिवाळीनंतर मित्र वस्तीवरच्या घराला कुलूप लावून मुलीकडे शहरात, बावधनला गेला. जाताना मला सांगितलंही नाही. पुढच्या झेंडावंदनाला खांबापाशी मला उभं राहवेना, म्हणून तब्येतीचं कारण काढून घरीच बसलो. ती सकाळ मी रडून काढली.

मग एकदा बसून सगळं लिहिलं. बैठक, बेल-भंडारा, माझं ते कागदाबद्दलचं बोलणं, सगळं. संपादकाकडे देण्याआधी लेख घेऊन बावधनला गेलो. सहाव्या मजल्यावरच्या गॅलरीत तो खुर्ची टाकून बसला होता. चष्मा लावून त्यानं शेवटपर्यंत वाचला, पानं नीट जुळवली आणि माझ्या हातात परत दिली.

"आता नगं छापू," तो म्हणाला. "बदनामी हुईल गावाची."

"होऊ दे," मी म्हणालो.

त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाला, "घरातलं घरातच ऱ्हाऊ दे, आसं तू म्हनलास, म्हनून मी गप बसलो. येक सांग मला. मी घरातला व्हतो का रं?"

मी चटकन हो म्हणायला हवं होतं. तो माझ्याकडे बघत होता, आणि मी हातातली पानं पुन्हा जुळवत बसलो.