बैलाला आवतण

पोळ्याच्या आधी आठेक दिवस माझ्या धाकट्या भावाचा फोन येतो. "दादा, पोळ्याला या." मी म्हणतो, "बघतो." मग जातो. दरसाल असंच चालत आलं. यंदा फोन आला नाही.

मी शहरात राहतो, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करून उभ्या केलेल्या दोन खोल्यांत. गाव कन्नडच्या अलीकडं, फाट्यावर उतरून थोडं आत. वडील गेले तेव्हा तेवढ्या शेतात दोघांचं भागणार नव्हतं. मी मोठा, म्हणून मी निघालो आणि भाऊ राहिला. त्यानं शेत केलं, बैल सांभाळले. मी खांद्यावर लोकांची पोती वाहिली. याबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. म्हणजे कुणाजवळ बोललो नाही.

फोन येईना तेव्हा मी तो चार्जिंगला लावला. तरी येईना. मग बिघडला का काय बघायला बायकोला तिच्या फोनवरून लावायला सांगितला. चांगला वाजला.

बायको म्हणाली, "आता उचला अन् मलाच म्हणा, बघतो."

"तुझं काय मधात?"

"माझं काय नाय. जायचं तर जा की. भावाच्या घरी जायला काय पत्रिका छापून यायची?"

"बोलावल्याबिगर मी कुठं जात नसतो."

"मग नका जाऊ."

असं कुणी पटकन कबूल झालं की मला लई राग येतो.

आता शहरात वाढलेल्यांना एक गोष्ट सांगायला पाहिजे. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू बसलं तो बैलाचा खांदा कोमट पाण्यानं शेकतात, हळद-तुपानं मळतात आणि मग बैलाला आवतण देतात, म्हणजे जेवायचं बोलावणं. कसं देतात, तर "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." वर्षभर ज्याला हाड-हूड करायचं, त्याला त्या सांजेला 'घ्या' आणि 'या'. लहानपणी मला याचं काही वाटलं नाही. यंदा मात्र हेच डोक्यात बसलं. खुंट्याला बांधलेलं जनावर. ते जाणार कुठं? नाही बोलावलं तरी उद्या जेवायला तिथंच असणार. तरी त्याला मानानं आवतण, आणि मी त्या घरात जन्मलेला, तर मला साधा फोन नाही.

शहागंजात पोळ्याचा बाजार भरला होता. मी सहज गेलो. दोन मठाट्या घेतल्या, बैलाच्या कपाळाला बांधतात त्या, लाल गोंड्यांच्या. कुणाला तरी देता येतील म्हणून घेतल्या. आमच्या गल्लीत कुणाकडं बैल नाही, हे मला माहीत होतं.

खांदमळणीच्या दिवशी सकाळी मी बायकोला म्हणालो, "खुलताबादला भद्रा मारुतीला जाऊन येतो."

"जाऊन या," ती म्हणाली, आणि पिशवीत माझं दुसरं धोतर घातलं.

माझ्या वयाला एसटीत आता तिकीट लागत नाही. कार्ड दाखवायचं अन् बसायचं. म्हणजे सरकारसुद्धा या म्हणतं. खुलताबादचा थांबा आला तेव्हा मी जागचा हललो नाही, पण खिडकीतून मारुतीच्या दिशेला हात जोडले. अगदीच खोटं नको.

फाट्यावर चहाचं हॉटेल आहे. ते चालवणारा आणि मी, आम्ही एकत्र ढोरं राखलेली. त्यानं लांबूनच हाक मारली.

"काय पाव्हणं, पोळ्याला आलं जणू?"

"पाव्हणा असंल तुझा बाप. खुलताबादला मारुतीला आलो व्हतो. म्हणलं, जाता जाता डोकावून जावं."

"खुलताबाद तर लई मागं राहिलं. शहराचा रस्ता हिकडून निघाला का काय आता?"

"डुलकी लागली गाडीत."

"अन् मारुतीचा वार बुधवार कवापासून?"

"चहा दे गुमान."

त्यानं दिला. वर हसला. त्याच्या हसण्यात मला दिसलं की मला कुणी बोलावलं नाही हे गावाला आधीच माहीत असणार. गावाला काय माहीत होणार, पण तेव्हा मला तसं वाटलं.

घरी पोचलो तर भाऊ गोठ्यात होता. मला बघून म्हणाला, "आले का दादा." जसा काही मी सकाळी वावरात गेलो होतो आणि आता परत आलो. ना 'कसे काय आले', ना 'बरं झालं आले'. आणि लगेच बैलाकडं वळला.

माझी भावजय ओसरीत आली. तिच्याबद्दल सांगायला पाहिजे. आमच्यात धाकट्याची बायको मोठ्या दिरासमोर पदर घेते आणि त्याच्याशी थेट बोलत नाही. ही लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्याशी एक शब्द समोरून बोललेली नाही. ती मांजराला सांगते, चुलीला सांगते, कुणी नसलं तर भिंतीला सांगते, आणि शेवटी 'म्हणावं' लावते. मग ते माझ्यासाठी आहे असं समजायचं. आता नातसुना मोबाइलवर सासऱ्याशी हसून बोलतात, पण हिनं आपलं सोडलं नाही. मलाही ते आवडतं. मान आहे त्यात.

"हातपाय धुवून घ्या म्हणावं," ती रांजणाला म्हणाली.

मी हातपाय धुतले. मी म्हणालो, "खुलताबादला आलो व्हतो, मारुतीला."

"मारुतीला गेले असतील तर परसाद देव्हाऱ्यात ठिवा म्हणावं," ती मांजराला म्हणाली.

प्रसाद कुठून आणू? मी पिशवी मागं सारली. सारताना त्यातून लाल गोंडा बाहेर लोंबला. मांजर धावत आलं आणि गोंड्याशी खेळायला लागलं.

भावजय मांजराला म्हणाली, "गोंड्याचा परसाद देतो का गं मारुती हल्ली?"

यात 'म्हणावं' नव्हतं, म्हणजे हे खरंच मांजराला होतं. मी मठाट्या काढून खुंटीला अडकवल्या आणि गोठ्याकडं गेलो.

गोठा बघितला आणि माझं डोकं फिरलं. पंखा बसवला होता. बैलांना पंखा! माझ्या खोलीतला पंखा उन्हाळ्यापासून करकर करतोय, पोराला किती वेळा सांगितलं. इथं बिनआवाजाचा फिरत होता आणि त्याच्याखाली पांढरा बैल डोळे मिटून रवंथ करत होता, इनामदार असल्यासारखा. तांबडा त्याच्या पलीकडं. दोन्ही माझ्या ओळखीचे नाहीत, आत्ता-आत्ता घेतलेले. मी पांढऱ्याच्या पाठीवर हात ठेवला तर त्यानं कातडी थरथरवली, माशी उडवतात तशी.

भाऊ अंगठ्यानं त्याचा खांदा दाबून बघत होता. कुठं घट्टा पडलाय, कुठं दुखतंय. "हितं का रं राजा? हितं?" असं विचारत होता. बैल मान लांब करत होता.

मी म्हणालो, "माझा उजवा खांदा वर व्हत नाय आताशा."

"तेल लावत जा दादा," भाऊ म्हणाला. बैलाच्या खांद्यावरची नजर काढली नाही.

आम्ही दोघं लहान होतो तेव्हा याला खांद्यावर बसवून मी कन्नडच्या बाजारात नेलेला आहे. हाच खांदा. त्यावर हा बसायचा आणि माझे कान धरायचा. ते मी बोललो नाही. बोलायची गोष्ट नाही ती.

तेवढ्यात शेजारून घंटा वाजल्याचा आवाज आला. बघतो तर शेजाऱ्यानं यंदा बैल विकून ट्रॅक्टर घेतलेला. तो धुऊन अंगणात उभा केला होता आणि शेजारीण त्याच्या बोनेटला हळद लावून म्हणत होती, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

आता मात्र मला राहवलं नाही. ट्रॅक्टरलाबी आवतण!

"काय रे," मी भावाला म्हणालो, "यंदा फोन केला नाय तू."

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "तुम्हीच नको म्हणले ना."

"मी?"

"मागल्या पोळ्याला. हितंच बसून म्हणले. 'मला फोन करून काहून बोलवतो? मी काय पाव्हणा हाय? माझं घर हाय, मला यायचं तवा यीन. परत बोलावशील तर उंबरा चढणार नाय.' मी म्हणलं, दादाचा शब्द. नाय केला फोन. लई वेळा हातात घेतला व्हता."

म्हणालो असेन. पोटभर जेवल्यावर माणूस बोलतो. पण बोललेलं सगळंच धरून बसायचं असतं का? हा लहानपणापासून असाच. विहिरीजवळ उभा राहा म्हटलं तर दिवस मावळेपर्यंत उभा.

"बरं," मी म्हणालो, "मंग मला सांग, हा बैल पाव्हणा हाय का?"

"नाय."

"घरचाच हाय ना?"

"घरचाच की."

"मंग ह्याला काहून आवतण देतो?"

भावानं बैलाकडं बघितलं. पांढऱ्याच्या खांद्यावरचा हात तसाच राहिला. मग हळूच म्हणाला, "पण त्यानं कधी नको म्हणलं नाय ना दादा."

मी बाहेर येऊन बाजेवर बसलो. गोठ्याकडं पाठ करून बसलो. ठरवलं, शेवटच्या गाडीनं माघारी जायचं. पिशवी आणायला ओसरीत जावं लागलं असतं, आणि ओसरीत भावजय होती, म्हणून बसून राहिलो.

दिवे लागायच्या वेळेला ती ताट घेऊन निघाली. ताटात दिवा, हळद-तुपाची वाटी. माझी पाठ होती, पण कान होते. पाणी ओतल्याचं ऐकलं. भावाचे तळवे खांद्यावरून फिरत असल्याचं ऐकलं, तो ओला, चिकट आवाज. बैलाचा मोठा उसासा ऐकला. असा उसासा माझ्या पोटातून कितीतरी वर्षांत निघालेला नाही. मग तिचा आवाज आला.

"आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

हे पांढऱ्याला. मग तांबड्याला, पुन्हा तेच. मी खाकरलो, जोरात.

ताट घेऊन ती परत निघाली. बाजेजवळून तिची वाट. माझ्या मागं पावलं थांबली. मी तिरप्या नजरेनं पाहिलं. पदर नाकापर्यंत ओढलेला, तोंड बाजूच्या मेढीच्या खांबाकडं.

"आज आवतण घ्या," ती म्हणाली, "उद्या जेवायला या."

बैल दोनच होते. मी तिसरीपर्यंत शिकलोय, तीनपर्यंत मला मोजता येतं. आणि तिनं 'म्हणावं' लावलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते सरळ आलं, मांजराकडून नाही, चुलीकडून नाही.

गोठ्यातून भाऊ घाईघाईनं ओरडला, "दादा, मी नाय हं बोलावलं! मी शब्द मोडला नाय!"

मी उठलो. तिला उत्तर द्यायचं तर मलाही सरळ देता आलं असतं. पण सवय नव्हती. मी गोठ्याच्या दाराशी गेलो आणि तांबड्या बैलाकडं बघून म्हणालो, "येतो म्हणावं."

तिच्या बांगड्या वाजल्या. हसली असेल. ती आत गेली आणि हळद-तुपाची वाटी बाजेच्या कडेला तशीच विसरून गेली. विसरणाऱ्यातली ती नाही. वाटीत तळाला थोडं उरलं होतं. कुणी बघत नाही असं पाहून मी सदरा खाली ओढला आणि डाव्या हातानं उजव्या खांद्याला लावलं. नीट पोचेना. तेवढ्यात मागून भावाचा हात आला. त्यानं अंगठा दाबला तिथंच दुखत होतं. हाताला बैलाचा वास होता, म्हणजे आधी त्याचं झालं आणि मग माझं. तेही माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या मठाट्या बांधून बैल गावातून मिरवून आले. पांढऱ्याला लाल शोभत होतं, हे मान्य करायला पाहिजे. लोक भावाला म्हणत होते, "जोडी काय दिसती!" मठाट्या कुणी आणल्या हे कुणी विचारलं नाही. मी फाट्यावरच्या चहावाल्याला आपणहून सांगितलं. तो म्हणाला, "मारुतीनं दिल्या का?"

घरी बैलांना ओवाळलं आणि पुरणपोळ्या भरवल्या. पहिली पांढऱ्याला गेली, दुसरी तांबड्याला. मग आम्ही बसलो आणि भावजयीनं तिसरी माझ्या ताटात वाढली. वरून तूप सोडलं.

मी पोळीकडं बघितलं. मग भावाला म्हणालो, "त्याची मोठी व्हती."