ग्रहण सुटल्यावर

ग्रहण सुटलं तशी फाटकाशी हाक आली, “दे दान, सुटे गिऱ्हाण!” रिकामी टोपली घेऊन एक म्हातारी उभी होती. सोसायटीतल्या मुलांना गच्चीवरून काळ्या चष्म्यातून सूर्य दाखवून मी नुकताच खाली आलो होतो. निवृत्त झालो तरी शिकवायची खोड गेलेली नाही.

“मावशी, राहू-केतू काही नसतात. मध्ये चंद्र आला, त्याची सावली पडली, एवढंच.”

तिनं नीट ऐकून घेतलं. “म्हंजी सूर्याला कुणी धरलंच नव्हतं?”

“नाही.”

“बरं झालं, बाबा,” म्हणत ती निघाली.

माझी आई या हाकेसरशी सूपभर जोंधळे आणि एखादं जुनं लुगडं घेऊन धावायची. सूर्य गिळणाऱ्या राक्षसाची तिला खरोखर भीती वाटे. तिचं आकाश साफ चुकीचं होतं, पण त्याच्या धाकानं का होईना, घरातले दाणे बाहेर जात. माझं आकाश बिनचूक आहे. ते माझ्याकडे काहीच मागत नाही.

लख्ख ऊन पडलं होतं. म्हातारी पुढच्या फाटकाशी थांबलेली दिसली. तिनं तोंड उघडलं, पण हाक काही दिली नाही.