वाळवंटातल्या नळाची चौकशी

आमच्या घरात जागा बघायला गेलं की आधी नळ सोडून बघतात, मग खोल्या. सिंगापूरच्या क्वीन्सटाउन भागातला फ्लॅट घेताना मीही एजंटला विचारलं होतं, पाणी किती वाजता येतं. तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. पण पुणेकर पाण्याचं वेळापत्रक डोक्यात घेऊनच विमानात बसतो, त्याला काय इलाज?

त्यामुळे नवऱ्याला अमेरिकेत, नेवाडाच्या वाळवंटातल्या एका शहरात नोकरी चालून आली, तेव्हा आमच्याकडे राहायला आलेल्या माझ्या बाबांनी पगार विचारलाच नाही.

"जावईबापू, पाण्याचं काय?"

नवरा उत्साहाने लॅपटॉप घेऊन बसला. त्याने नदी दाखवली, तिच्यावरचं थोरलं धरण दाखवलं. पाणी तिथलंच, वीजही थोडीफार तिथलीच.

"वाटेकरी किती?"

"सात राज्यं. शिवाय खाली मेक्सिको."

बाबा सरसावून बसले. गावाकडचं आमचं शेत कालव्याच्या अगदी शेवटाला. वरच्यांचं भागलं की आमचा नंबर, आणि उन्हाळ्यात तो लागायचाच नाही. लॅपटॉपवरच्या धरणाच्या फोटोत खडकांवर पांढरा पट्टा होता, पूर्वी पाणी तिथवर असायचं.

"म्हणजे धरण उतरलं की नळही मंद आणि दिवेही मंद," बाबा म्हणाले.

"सिंगापूर तरी मलेशियातल्या जोहोरच्या नदीचं पाणी घेतंच की," नवरा म्हणाला.

"घेतं. पण इथे पडलेला पाऊसही साठवतात, सांडपाणीही शुद्ध करून वापरतात."

"तिथेही वापरलेलं पाणी शुद्ध करून परत धरणाच्या तलावात सोडतात, बाबा."

दोघंही हटेनात. मला मनातून जायचं नव्हतं. बाबा माझीच लढाई लढताहेत म्हणून मी खुशीत चहावर चहा करत होते.

शेवटी बाबांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"नदीचं ती सात राज्यं भांडून बघून घेतील. इथून तू पाच-सहा तासांत पुण्यात येतेस. माझ्या तोंडात पाणी घालायची वेळ आली, तर तिथून पोचशील?"

मला रडूच आलं. नवऱ्याने लॅपटॉप मिटला, आणि दुसऱ्या दिवशी मला न विचारताच नकार कळवून टाकला.